पहाटेची साखर

राणीसावरगावच्या शाळेत दुपारची खिचडी शिजवणाऱ्या सुमनबाईंच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. साखरेचा आजार त्यांना चार वर्षांपासून. गोळी चुकवायच्या नाहीत, चहा बिनसाखरेचा प्यायच्या, पंगतीत बुंदी वाढणाऱ्याला हातानंच पुढं लोटायच्या. म्हणून मुलगा जीवन गंगाखेडहून बोट टोचून साखर बघायचं यंत्र घेऊन आला, तेव्हा त्यांना कसली धास्ती वाटली नाही.

यंत्र हाताळायची सून प्रियांका. पहिल्या सकाळी उपाशीपोटी आकडा आला एकशे शहाण्णव, दुसऱ्या सकाळी दोनशे चार. दुपारी जेवणानंतर मात्र एकशे साठच्या आसपास. प्रियांकाला काही उमजेना. रात्रभर पोटात काही नाही, मग सकाळी साखर चढते कशी? तोंडानं ती काही बोलली नाही, पण चार दिवसांनी फडताळातला गुळाचा डबा नाहीसा झाला. जीवननं तर हसत हसत विचारलंच, की माय, रात्री उठून काही तोंडात टाकतीस का.

ते हसणं सुमनबाईंच्या जिव्हारी लागलं. शाळेतल्या तांदळाचा दाणा त्यांनी कधी पदरात बांधून आणला नव्हता, आणि आता आपल्याच घरात त्या चोर ठरल्या. भांडल्या नाहीत. त्यांनी रात्रीचं जेवणच सोडलं. भूक न्हाई म्हणायचं आणि अंथरुणावर पडायचं. पाच दिवस हे चाललं. आकडा खाली यायचं नाव घेईना, उलट एकदा दोनशे बाराला गेला. सहाव्या दिवशी सकाळीही त्यांनी नुसता चहाच घेतला. शाळेत पातेल्यात डाव फिरवता फिरवता दरदरून घाम फुटला, हातपाय कापायला लागले. सोबत काम करणाऱ्या कस्तुराबाईंनी त्यांना खाली बसवून साखरपाणी पाजलं आणि जीवनला फोन लावला.

गंगाखेडच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. गोळी चालू असताना उपाशी राहिल्याबद्दल आधी चांगलं खडसावलं. मग म्हणाल्या, जेवण नीट सुरू करा आणि दोन दिवस तीन वेळा साखर बघा: झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर.

प्रियांकानं गजर लावला. झोपताना एकशे अठ्ठेचाळीस, तीनला एकशे सव्वीस, सहाला एकशे अठ्ठ्याण्णव. तीननंतर तिला झोप लागली नव्हती. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशीही तसंच.

आकडे बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांनी चोरून काही खाल्लेलं नाही. पहाटे अंग जागं व्हायच्या तयारीला लागतं, तेव्हा यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. तुमचं-माझंही सोडतं. आपलं शरीर ती आवरतं, यांचं आवरत नाही, एवढंच."

त्यांनी रात्रीची गोळी बदलून दिली. संध्याकाळी सातच्या आत जेवायचं, भाकरीसोबत वरण नि पालेभाजी भरपूर, जेवल्यावर अर्धा तास चालायचं आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळीत किंवा जेवणात काही फेरफार करायचा नाही, असं बजावलं.

परतीच्या एसटीत सासू-सून शेजारी बसल्या. मग प्रियांका म्हणाली, "आत्याबाई, मी तुमच्यावर वहीम घेतला. चुकलं माझं."

सुमनबाई खिडकीबाहेरचा ऊस बघत राहिल्या. "तोंडावर इचारायचं की बाई. डबा कशाला लपविलास?"

प्रियांकाच्या डोळ्यांत पाणी आलं. सुमनबाईंनी स्टँडवर घेतलेल्या उकडलेल्या शेंगांतल्या निम्म्या तिच्या ओंजळीत ओतल्या.

तेव्हापासून जेवणं झाली की दोघी फाट्यापर्यंत चालून येतात. सासू-सून जोडीनं फिरायलात म्हणून गल्लीला आधी मौज वाटली. नंतर कस्तुराबाई सोबत यायला लागल्या, मग शेजारच्या चांगुणाबाई. दोन महिन्यांत सकाळचा आकडा एकशे तीस-चाळीसवर आला. रोज तिथंच राहतो असं नाही. परवा एकशे सदुसष्ट निघाला, तेव्हा प्रियांकाचा चेहरा उतरला.

"लग्नघरी जागरण झालं, त्याचंच आसंल," सुमनबाई म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंला दाखवायच्या वहीत लिहून ठेव." आणि भाकरीचा तुकडा भाजीला लावून त्या न्याहारीला बसल्या.