प्रोफेसरांची डावी बाजू

२००४ च्या हिवाळ्यात मी न्यू जर्सीत घरोघरी जाऊन फिजिओथेरपी द्यायचे. नागपूरहून येऊन दोन वर्षं झाली होती. एजन्सी रोज पेशंटची यादी द्यायची आणि मी गाडी घेऊन फिरायचे. फेब्रुवारीत त्या यादीत वेस्ट विंडसरचा एक पत्ता आला. निवृत्त प्राध्यापक, वय शहात्तर, मेंदूच्या उजव्या भागाला स्ट्रोक.

दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. उंच, पांढऱ्या केसांच्या अमेरिकन बाई. मी मनातल्या मनात त्यांना लगेच काकू करून टाकलं. बाहेर बर्फ वितळत होतं आणि घरात इतकी शांतता होती की पागोळ्यांचं टपटपणं आत ऐकू येत होतं.

प्रोफेसर खिडकीजवळ चाकाच्या खुर्चीत बसले होते. उजवा गाल गुळगुळीत दाढी केलेला, डाव्या गालावर चार दिवसांचे पांढरे खुंट. अशा स्ट्रोकमध्ये असं होतं. डोळे शाबूत असतात, पण माणसाच्या लेखी जगाची डावी बाजू उरतच नाही. ताटातलं उजवीकडचं जेवण संपतं आणि माणूस भुकेलाच राहतो. डावा हात मांडीवर पडलेला असतो, तो कुणाचा आहे हेही त्याला सांगावं लागतं.

मी त्यांच्या डावीकडच्या लाकडी खुर्चीकडे निघाले, तेव्हा ते फ्रेंच वळणाच्या इंग्रजीत म्हणाले, "तिथं नको. तिथं बसलेत ते."

खुर्ची रिकामी होती.

"कोण बसलंय, सर?"

"माझे सहकारी." एवढं बोलून त्यांनी मला उजवीकडे बसायची खूण केली.

आम्ही बौद्ध. भूतखेत, अंगात येणं, नजर लागणं, आमच्या घरात कशालाच थारा नव्हता. शिवाय पुस्तकात मी वाचलेलं होतं की अशा पेशंटना शेजारी कुणीतरी असल्याचा भास होतो. मी फॉर्मवर तसं लिहिलं आणि कामाला लागले. पण मी बसले उजवीकडेच.

आठवड्यातून तीनदा दुपारी मी जायचे. व्यायाम करताना ते बोलायचे. पूर्व फ्रान्समधल्या डोंगराळ गावात त्यांचे वडील चष्म्याच्या काचा घासायचे. घरात काचेची पूड सगळीकडे, भाकरीवरसुद्धा. हा मुलगा त्या भिंगांमधून उजेड पाडत बसायचा. पुढे पॅरिसला शिकला, क्वांटम भौतिकीत शिरला आणि तरुणपणीची कित्येक वर्षं त्यानं एका तळघरात काढली.

"उजेड अगदी मंद करत नेला," ते सांगायचे, "की शेवटी तो एकेक कण होऊन येतो. आम्ही ते कण मोजायचो. मी आणि तो, दोघंच, अंधारात शेजारी शेजारी. तो डावखुरा, म्हणून नेहमी माझ्या डावीकडे बसायचा. म्हणजे लिहिताना कोपरं लागायची नाहीत."

"आणि आता?"

"आताही तिथंच बसतो." आवाज साधा, एखाद्यानं बाहेर पाऊस पडतोय म्हणावं तसा.

बाकीचं मला काकूंनी स्वयंपाकघरात सांगितलं. शेवटची मोजणी सहकाऱ्याला पटली नव्हती. तो म्हणत होता, थांबू, पुन्हा मोजू. प्रोफेसर थांबले नाहीत. त्यांनी शोधनिबंध एकट्याच्या नावावर छापला आणि त्याच्या जोरावर अमेरिकेत नोकरी मिळवली. नंतर इतरांच्या प्रयोगांतूनही तोच निष्कर्ष निघाला, म्हणून कुणी काही विचारलं नाही. व्याख्यानं झाली, मान मिळाला, विद्यार्थी मोठे झाले. सहकारी मात्र संशोधन सोडून शाळेत गणित शिकवायला गेला आणि तिकडेच वारला.

"मी त्याला कधी पाहिलंही नाही," काकू म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "पण त्या खुर्चीत मी आता बसत नाही."

सरावासाठी मी त्यांना एक वही दिली होती. रोज काहीतरी लिहा म्हटलं. ते उजव्या हातानं लिहायचे, पानाच्या उजव्या अर्ध्यावर. डावं अर्धं कोरं. मार्च संपता संपता एका दुपारी काकूंनी मला दारातच गाठलं. वही त्यांच्या हातात होती.

"हे बघा."

डावं अर्धं भरलेलं होतं. आकड्यांच्या बारीक रांगा, एकाखाली एक, अक्षर मागे कललेलं. प्रोफेसरांचं अक्षर मोठं आणि पुढे झुकणारं. खाली फ्रेंचमध्ये एक ओळ होती. काकूंनी अर्थ सांगितला, "पुन्हा मोजायला हवं."

"वही उलटी धरून लिहिलं असेल," मी म्हटलं. आकडे सुलटे होते, हे मला दिसत होतं.

आत जाऊन मी नेहमीप्रमाणे त्यांचा डावा हात हातात घेतला. जड, थंड, बोटं आत मुडपलेली. दीड महिन्यात त्या हातानं एक बोट उचललं नव्हतं. मी तळवा उघडायला लागले आणि थबकले. करंगळीच्या बाजूनं, पार मनगटापर्यंत, पेन्सिलीचा करडा डाग होता. डाव्या हातानं लिहिणाऱ्याचा हात नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरून घासत जातो, तसा. मी गरम पाण्यात टॉवेल भिजवला, डाग पुसला आणि एका शब्दानंही कुणाला बोलले नाही.

संध्याकाळी नवऱ्याला मात्र सांगितलं. तो म्हणाला, "अगं, हात रिकव्हर होतोय, चांगलंच आहे की यार. उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

"मग माझ्यासमोर का हलत नाही?"

तो ताटं घ्यायला उठला.

पुढचा उपाय मला ठाऊक होता. पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायची आणि ती दिसेपर्यंत पेशंटला मान वळवायला लावायची. काकूंनी माझा हात धरला. "नका दाखवू त्यांना. त्यांना माहीतच नाही तिथं काय आहे."

मी दोन दिवस टाळलं. पण डावीकडे बघायला शिकले नाहीत तर ते कधीच एकटे चालू शकले नसते. पायऱ्यांवरून पडले असते, टेबलावर आपटले असते. तिसऱ्या दिवशी मी पट्टी लावली.

"लाल दिसेपर्यंत, सर. अजून थोडं."

मान इंचाइंचानं वळली. नजर पट्टीला लागली आणि तिथून परत येताना आकड्यांवर अडकली. ते कितीतरी वेळ वाचत राहिले. ओठ हलत होते. पागोळ्या थांबलेल्या होत्या आणि घरात कसलाच आवाज नव्हता.

"हे त्याचं अक्षर आहे," ते म्हणाले.

"लिहिलं तुमच्याच हातानं असणार, सर. मी डाग पाहिला."

"हात माझाच असेल. पण हे आकडे मी कधी लिहिले नाहीत. शेवटच्या मोजणीच्या रात्री मी स्वतः मोजलंच नव्हतं." मग त्यांनी डोळे मिटले. "तो बरोबर होता."

त्याच आठवड्यात त्यांनी काकूंकडून एक पत्र लिहवून घेतलं. सहकाऱ्याच्या विधवेला, सरळ कबुली. शेवटची मोजणी कच्ची होती, नाव दोघांचं हवं होतं, मला माफ करा. तो निबंध छापणाऱ्या मासिकालाही तसंच एक पत्र गेलं. मासिकानं छापतो म्हणून कळवलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

मे महिन्यात फ्रान्सहून उत्तर आलं. मी तिथंच होते. काकूंनी इंग्रजी करत वाचलं. विधवेनं लिहिलं होतं की पत्राबद्दल आभार, पण नवऱ्यानं घरात तुमचं नाव कधीच घेतलं नव्हतं, त्यामुळे कशाबद्दल माफ करायचं हे मला समजत नाही.

प्रोफेसरांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग तोंड उजवीकडे फिरवून रडले. काकूंनी त्यांचं डोकं पोटाशी धरलं. मी पाण्याचा ग्लास घेऊन उभी राहिले.

जूनपर्यंत ते काठी घेऊन अंगणात चालू लागले. दोन्ही गालांची दाढी स्वतः करायचे. डाव्या हाताची बोटं मात्र मी असेपर्यंत कधी उघडली नाहीत. शेवटच्या दिवशी मी न राहवून विचारलं, "ते अजून असतात का, सर?"

"तुम्ही मला डावीकडे बघायला शिकवलंत," ते म्हणाले. "आता तिथं भिंत दिसते." त्यात समाधान होतं की तक्रार, मला कळलं नाही.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, पेशंट स्वतंत्रपणे चालतो, उद्दिष्ट पूर्ण. वर्षभरानं नवऱ्याची नोकरी बदलली आणि आम्ही दूर दक्षिणेकडच्या कॅरी गावी राहायला गेलो. तिथं एकदा काकूंचा फोन आला. प्रोफेसर झोपेतच गेले होते. वही काकूंनी पार्सल करून फ्रान्सला, सहकाऱ्याच्या विधवेकडे पाठवून दिली होती, आणि ते बरोबर केलं का, असं त्या मला विचारत होत्या. मी हो म्हटलं. पार्सल मिळालं का, विचारल्यावर त्या म्हणाल्या, पोस्टाच्या कागदावर कुणीतरी सही केली आहे, पण ती वाचता येत नाही.