कॉलरच्या आतला दोरा

बायको जाऊन चौदा दिवस झाले होते, तेव्हा वकीलबाई आली. आमची खोली काचीगुड्याला, स्टेशनच्या मागल्या गल्लीत. पुढं माझं शिलाई मशीन, मागं स्वयंपाकाचा ओटा, मधी पडदा. ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली, फाईल मांडीवर ठेवली आणि म्हणाली, की काका, ही वेळ नाही मला कळतंय, पण केसची तारीख जवळ आली आहे. पुण्याकडचं मराठी, एकदम साफ. आईबाप कंपनीच्या नोकरीसाठी इकडं आलेले, पोरगी इथंच वकील झाली.

मी तिला चहा पण विचारला नाही. राग नव्हता. त्या दिवसांत मला काहीच वाटत नव्हतं. दाढ काढताना डाक्टर सुई देतो, मग गाल आपलाच असून आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालं होतं.

आता केस कसली ते सांगतो. माझी बायको मलकपेठच्या पुढं एका मुलींच्या होममध्ये स्वयंपाक करायची. ज्यांना कुणी नाही, किंवा असून सांभाळत नाही, अशा पोरी तिथं सरकार ठेवतं. अठरा वर्षं तिनं तिथं भात रांधला. आणि त्याच होमवर तिनं हायकोर्टात केस घातली. अंगठा लावून. माझी चौथी तरी झाली, तिची तेवढीही नाही.

सुरुवात कपड्यांपासून झाली. त्या होममध्ये सगळ्या पोरींचे फ्रॉक एकाच कापडाचे. धुतले की व्हरांड्यात एक ढीग. सकाळी जिच्या हाताला जे लागेल ते तिनं घालायचं. आतले कपडे पण तसेच. बायको एकदा जेवताना म्हणाली, "अहो, त्या पोरींना स्वतःचं असं काहीच नाही. चड्डीसुद्धा नाही."

मग ती पिशवीत आठ-दहा फ्रॉक घेऊन यायची आणि मी कॉलरच्या आतून एकेक टाका घालून द्यायचो. दर पोरीचा दोरा वेगळा. मोरपंखी, डाळिंबी, अबोली, पोपटी, आमसुली. माझ्याकडं रिळं बत्तीस. पोरी जास्त झाल्या की दोन रंगांचा पीळ द्यायचा. कोणता रंग कुणाचा ते तीच ठरवायची. मी त्या पोरी कधी बघितल्या नाहीत. पण घरी बोलणं त्यांचंच. आज डाळिंबी जेवली नाही. अबोलीचा पहिला नंबर आला. पोपटी लई भांडकुदळ हाय, तुमच्यावर गेली. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळं हे शेवटचं ऐकून मी सुईत दोरा ओवायला घ्यायचो.

पुढं नवीन सुपरिंटेंडंट मॅडम आल्या. तपासणी होती. त्यांनी ते टाके बघितले आणि सरकारी कपड्यावर खुणा नकोत, सगळ्या पोरी सारख्या, म्हणून उसवून टाकायला लावले. बायको एक फ्रॉक घेऊन घरी आली. दोरा निघालेला, सुईची भोकं तेवढी राहिलेली. ती भोकं तिनं मला बोटानं दाखवली. जन्मात कुणाला उलटून बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती या वकीलबाईकडं गेली. बाई होममध्ये कधी कायद्याची माहिती सांगायला यायची, तेवढीच ओळख.

केसमध्ये मागितलं काय, तर दर पोरीला स्वतःचे कपडे, कुलुपाची एक पेटी, सांभाळायला पुरेशा आया, आणि पोरीला न विचारता दुसरीकडं हलवायचं नाही. मी बायकोशी भांडलो. कोर्ट काय भात रांधायला येणार हाय का, असं म्हणलं. तिची नोकरी गेली. मग मूत्रपिंडं गेली. डायलिसिसच्या पलंगावर पण तारीख कधी तेच विचारायची.

आता वकीलबाईचं म्हणणं असं, की केसमध्ये तिच्या जागी मी उभं राहावं, कागदावर सही करावी.

दोन दिवसांनी सुपरिंटेंडंट मॅडम स्वतः आल्या. मला वाटलं होतं तशी बाई नव्हती. तेलुगू मुलुखातली, पायाला सूज, पाणी मागून प्यायली. वर किती कागद पाठवले ते सांगितलं. तीन आया, चाळीस पोरी, त्यातली एक आया कायम रजेवर. वरून उत्तर नाही. केस वाढली तर वरचे लोक सुधारणा करणार नाहीत, होमच बंद करून पोरी जिल्ह्यांत वाटून टाकतील, असं त्यांचं म्हणणं. शेवटी उठताना म्हणाल्या, "केस जीते तो होम बंद, हारे तो भी मेरी बदली. आपकी औरत को मैं ये समझा नहीं सकी."

सही करू नका, एवढंच मागणं होतं त्यांचं.

त्याच आठवड्यात एक पोरगी आली. होममधून मोठी होऊन बाहेर पडलेली, दिलसुखनगरला साड्यांच्या दुकानात उभी राहते. बायकोची खबर उशिरा कळली म्हणून केळी घेऊन आली. ती तेलुगू, पण बायकोच्या मागं मागं राहून मोडकं मराठी शिकलेली. मला ताता म्हणते, म्हणजे आजोबा. मी तिलाच विचारलं, सही करू की नको.

ती पदराशी चाळा करत बसली. मग सांगितलं, की या होमच्या आधी ती आणि धाकटी बहीण दुसऱ्या होममध्ये होत्या. त्या होमवर पण कुणीतरी केस केली होती. चांगल्यासाठीच. कोर्टाचा हुकूम आला आणि आठवड्यात होम बंद. एक गाडी हिला घेऊन इकडं, एक गाडी बहिणीला घेऊन तिकडं.

"ती केस आम्ही जिंकली म्हणतात, ताता," ती म्हणाली. "बहीण भेटली मागच्या वर्षी. मला मॅडम म्हणाली."

मी रिळांचा डबा तिच्यापुढं उघडला. तुझा कोणता, विचारलं. तिनं बराच वेळ बघितलं. एक-दोन रिळं उचलून परत ठेवली. आठवत नाही, म्हणाली. दोरा आत असायचा, घातल्यावर दिसायचा नाही. मलाही सांगता आला नाही. ते फक्त बायकोला माहीत होतं.

मग मी वकीलबाईच्या ऑफिसात गेलो आणि पोरीची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. वर म्हणलं, तुम्ही लोक हुकूम घेऊन घरी जाता, गाडीत पोरी बसतात. तिचं तोंड लाल झालं. पण खोटं बोलली नाही. असं होतं, म्हणाली. केस केली तर असं होऊ शकतं, आणि नाही केली तर तो कपड्यांचा ढीग पुढची वीस वर्षं तसाच राहील.

"आणि मी सही नाही केली तर?"

"तर कोर्टाला सांगावं लागेल की अर्जदार वारली. दुसरं कुणी मिळालं नाही तर फाईल बंद होईल." फाईल मिटत ती म्हणाली, "तुम्ही आलात तर केस तिच्याच नावानं चालेल, काका. तुमचं नाव खाली लागेल."

खोली माझ्या नावावर. रेशनकार्डावर आता तिच्या नावावर काट. होमच्या हजेरीतून तिचं नाव कधीच गेलेलं. त्या एका फाईलवर ते सगळ्यात वर होतं. मी सही केली ती यासाठी. पोरींचं भलं होईल अशी खात्री मला तेव्हा नव्हती, आजही नाही. कुणी मला मोठा माणूस म्हणू नये.

पण सही लगेच केली नाही. बाईनं शपथपत्रात लिहिलं होतं, मुलींचे हाल मला स्वतःला माहीत आहेत. ते मी खोडायला लावलं. मला माहीत नव्हते. लिहा म्हणलं, मी टाके घातले, ते उसवले, भोकं मी डोळ्यांनी बघितली. आणि लिहा, केस संपेपर्यंत एकही पोरगी हलवायची नाही, बहिणी-बहिणी तोडायच्या नाहीत. ती म्हणाली, त्याला वेगळा अर्ज करावा लागेल, वेळ जाईल.

"तर करा. मी बसतो."

टाइप होईस्तोवर बसलो. दुपारची संध्याकाळ झाली. तिनं डब्यातली पोळी दिली, ती खाल्ली.

तारखेला हायकोर्टात गेलो. आमचं काम दोन-तीन मिनिटांत झालं. इंग्रजीत काय बोलले कळलं नाही. बाहेर येऊन वकीलबाईनं सांगितलं, पुढच्या तारखेपर्यंत पोरी हलवायच्या नाहीत, सरकारनं उत्तर द्यायचं. बाकी काही नाही. बरं वाटलं ना, विचारलं तिनं. मी नाही म्हणलं. कागदाची नक्कल मात्र मागून घेतली. वर बायकोचं नाव, त्याच्यापुढं मयत, खाली मी.

घरी न जाता बसनं दिलसुखनगरला गेलो. पोरगी गिऱ्हाइकापुढं साड्या उलगडत होती. गिऱ्हाईक काही न घेता उठलं, तेव्हा मी काउंटरपाशी गेलो आणि सांगितलं, पुढच्या तारखेपर्यंत कुणाला हलवणार नाहीत.

"त्याच्यानंतर?" तिनं विचारलं.

"त्या तारखेला परत जायचं. मी जाणार हाय."

तिनं मान हलवली आणि उलगडलेल्या साड्या घडी करायला घेतल्या. मी एक टोक धरलं.