बरं म्हणजे हो नाय

टी.वाय.ला अमेरिकेच्या इतिहासात इरोक्वा या तिथल्या मूळ रहिवाशांचे तह आले, की मी बाकं समोरासमोर लावते. एकीकडे इंग्रज गव्हर्नर, दुसरीकडे इरोक्वा सरदार. इरोक्वांची रीत अशी, की समोरच्याने दिलेला शिंपल्यांच्या मण्यांचा पट्टा घ्यायचा, पण उत्तर घरच्या बायामाणसांना विचारून दुसऱ्या दिवशी द्यायचं. आणि त्याआधी समोरच्याचं सगळं बोलणं त्याला परत म्हणून दाखवायचं.

यंदा सरदार झाली समुद्रकाठच्या मुरबे गावची एक मुलगी. गव्हर्नर बोईसरचा एक मुलगा. "नदीपलीकडची जमीन द्या," म्हणत त्याने शिंपल्यांची माळ पुढे केली. तिने ती घेतली आणि म्हणाली, "बरं."

"हां बोल दिया! लिख लो मॅडम!" गव्हर्नर ओरडला. मीही फळ्यावर 'मान्य' लिहून मोकळी झाले.

पोरगी उसळली. "मान्य कुठं बोलली मी? बरं म्हंजे ऐकलं. हो बोलायचं असलं तर आमी हो बोलतो."

वर्ग हसला. मला मात्र तिची आई आठवली. आठवड्यापूर्वी मी तिच्याच घरी गेले होते. तिचं लग्न परीक्षेच्या आधी धरलं होतं. आई बोंबील वाळत घालत होती आणि मी तिला तावातावाने अर्धा तास सुनावलं, की पोरीचं शेवटचं वर्ष आहे, लग्न पुढे ढकला. आई म्हणाली, "बरं." आणि मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा पाजला! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

तासानंतर तिला थांबवलं. "मग तुझ्या आईचं बरं?"

"ते पण तेच, मॅडम." तिचे डोळे भरले. "मला वाटलं, तुमाला समजलं."

रविवारी परत मुरबे गाठलं. या वेळी आधी आईला बोलू दिलं. मुलाकडचे थांबायचे नाहीत, ही तिची धास्ती. तिचं म्हणणं मी तिला जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं, मग माझं सांगितलं, पुढच्या एम.ए.सकट, आणि उत्तर न मागता उठले. माझ्यासारख्या तापट बाईला हे फार जड गेलं.

मंगळवारी मुलगी निरोप घेऊन आली. "आई हो बोलली. लग्न परीक्षेनंतर. पण एम.ए.चं नाव मॅडमनी परत काढायचं नाय, बोलली."

असा संताप आला! गिळला.

"बरं," मी म्हटलं.

ती जागची हलली नाही. "मॅडम, बरं की हो?"

"बरं."