घरी कुणाला कळवायचं?
कापराचा वास आला की करोल बागेतलं ट्रेकवाल्यांचं ऑफिस आठवतं. उंचावर दम लागला तर हुंगायला म्हणून गाइडनं कापराची पुरचुंडी हातात ठेवली होती. बदली होऊन मी दिल्लीत नवाच होतो, गच्चीवरच्या खोलीत एकटा राहायचो. आठ दिवसांच्या चढाईचा फॉर्म भरताना त्यानं विचारलं, "कुछ हो गया तो घर पे किसको फोन करें?" घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर असायच्या, म्हणून मी "खाली..." म्हणालो आणि पुढचे हिंदी शब्द जुळवत राहिलो. "अच्छा, खाली," म्हणत त्यानं रकान्यात रेघ मारली. हिंदीत खाली म्हणजे रिकामं, हे लगेच लक्षात आलं. पण त्या बाईंना माझं नावही धड माहीत नव्हतं, मग ती रेघ तशीच ठेवून खाली सही केली. आता माझी हिंदी पक्की झालीय. रकाना अजून खालीच आहे.