तव्यावरचा अडुळसा

शेजारच्या स्वयंपाकघरातून आज अडुळशाची पानं शेकल्याचा कडवट वास आला आणि मला डोंबिवलीतली १९८७ सालची एक हिवाळी दुपार आठवली. घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी पत्नी सुनंदा. तिला इतका खोकला झालेला, की कित्येक रात्री ती भिंतीला टेकून बसूनच काढत होती.

खाडीकडून मासे विकायला येणाऱ्या कोळीणमावशींनी कुंपणावरचा अडुळसा आणून दिला. मी पानं तव्यावर टाकली आणि पार कुरकुरीत करून ठेवली.

“अहो, पापड भाजताय का?” सुनंदा हसली आणि हसताहसताच खोकल्याने तिचा श्वास अडकला.

मावशी अजून दारातच होत्या. “आरं, नुसती शेकाची! नरम झाली का पिळाची.”

दुसऱ्या खेपेला चमचाभर रस निघाला. तो मधात कालवून दिला. तोंड वाकडं करत ती प्यायली आणि थोड्या वेळाने चक्क आडवी होऊन झोपली. तिची झोप मोडू नये म्हणून मी चहासाठी स्टोव्हसुद्धा पेटवला नाही. खोकला थांबलेल्या त्या घरात मला किती निवांत वाटलं!

सुनंदाला जाऊन आता चार वर्षं झाली. घर दिवसभर तसंच शांत असतं. हल्ली मी चहा करताना उगाच भांडी वाजवतो.