सर्वांत स्वच्छ संडास

मी बिबवेवाडीची. लग्न होऊन हिंजवडीजवळच्या गावात आले, तेव्हा माहेरी सगळ्यांना वाटलं, पोरीचं ऑफिस आता हाकेच्या अंतरावर आलं. आलं होतंच. सासरच्या ओट्यावरून आमच्या कंपनीची काचेची इमारत दिसायची. संडासही होता, अंगणात, गुलाबी फरशीचा. पण त्याला कुलूप होतं.

झालं असं, की ग्रामपंचायतीने बक्षीस जाहीर केलं होतं. ज्या घरचा संडास सर्वांत स्वच्छ, त्या घराला मिक्सर. गावात धडाधड संडास उभे राहिले. आणि वापरलं की घाण होणारच, एवढा साधा विचार करून सगळ्यांनी ते बंद ठेवले. आमच्या सासूबाई तर तो रोज पुसायच्या, वर उदबत्ती लावायच्या. घरातली माणसं मात्र टमरेल घेऊन ओढ्याकडच्या रस्त्याच्या कडेला.

मला ते काही केल्या जमेना. लाजेने जीव जायचा. म्हणून मी सगळी भिस्त ऑफिसवर ठेवली. सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. मॅनेजर इतरांना माझं उदाहरण द्यायचे. रविवार मात्र माझ्या मुळावर उठायचा. शनिवारी रात्रीपासून मी जेवण टाळायचे, आणि सासूबाई नेमकी तेव्हाच आग्रहाने आणखी एक भाकरी वाढायच्या. मला त्यांचा अस्सा राग यायचा.

शेवटी एका रविवारी तपासणी आली. सासूबाईंनी कुलूप काढलं. तालुक्याहून आलेल्या मॅडम जीपमधून उतरल्या त्याच घाईघाईने. म्हणाल्या, "मावशी, आधी मला जरा जाऊन येऊ द्या."

सासूबाई दारात आडव्या. "आधी तपासा, मार्क द्या, मग जावा."

"अहो, तपासायलाच चाललेय," म्हणत मॅडम आत शिरल्या.

सासूबाईंचा चेहरा पाहवेना. मॅडम बाहेर आल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "जा आता तू बी. तसंबी उष्टं झालंय."

मी पळाले. बाहेर आले तर त्या दाराशीच उभ्या.

"कसं हाय गं आत?" त्यांनी हळूच विचारलं.

रोज पुसणारी ती बाई एकदाही तिथे बसली नव्हती. माझा राग कुठच्या कुठे गेला. "आई, तुम्हीही जाऊन या," मी म्हटलं.

गेल्या. बराच वेळ झाला. मॅडम घड्याळाकडे बघायला लागल्या, तशी मी दार वाजवलं.

"थांब गं," आतून आवाज आला. "जन्मभर रस्त्याला गाडी आली की उठून उभी राहिले. आज बसू दे जरा."