आठव्या थांब्यावरची दवंडी

दवंडी देऊन झाली की आबा डफ काखेत घ्यायचे, उजवा हात कानामागे धरायचे आणि उभे राहायचे. समोरच्या गल्लीतला कोणी घरधनी ओट्यावर येऊन "हाव" म्हणेपर्यंत त्यांचा पाय तिथून हलत नसे. एकदा सोनारगल्लीचा म्हातारा न्हाव्यापुढे बसला होता. अर्ध्या गालाला साबण, तोंड उघडायची सोय नाही. आबा उभे ते उभेच. शेवटी न्हाव्यानेच वस्तरा बाजूला घेतला आणि म्हाताऱ्याला सांगितलं, एकदाचं म्हणून टाका, मला पुढची गिऱ्हाइकं आहेत.

तो त्या राजधानीचा रिवाजच होता. आठ थांबे, आठ गल्ल्या, आठ होकार. "हाव" म्हणणारा त्याच गल्लीतला पाहिजे आणि एक जरी होकार कमी पडला तरी दवंडी झाली नाही असं धरायचं. म्हातारी माणसं तसं सांगत. रोजच्या दवंडीला मोजून बघतो कोण, हा भाग वेगळा.

आता राजधानी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय उभं राहिलं असेल ते आधी पुसून टाका. सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबारहून बैलगाडीने दीड दिवसावर, एका बारक्या संस्थानाची ती राजधानी. राजवाड्यावर पत्रे. दरबार भरायचा तिथे दुपारी मिरच्या वाळत. मी मास्तर म्हणून तिथे गेलो तेव्हा शाळेला फळा होता, खडू नव्हता. पण राजेसाहेब होते, आणि त्यांच्या डोक्यावर कारभारी होते. कारभाऱ्यांचं नाव मी लिहिणार नाही. मुद्दामच लिहिणार नाही, आणि त्याचं कारण पुढे तुम्हाला कळेलच.

धाकटे राजेसाहेब गादीवर बसायचे होते, म्हणून कारभाऱ्यांनी मला राजधानीचा इतिहास लिहायला सांगितलं. धुळ्याच्या इंग्रज साहेबांना नजर करायचा होता. मी पडलो परका. कोणीतरी म्हणालं, दवंडीवाल्या आबांना धरा, त्यांना प्रत्येक चुलीची माहिती आहे. तसा मी रोज शाळा सुटली की त्यांच्यामागे हिंडू लागलो.

आबांचं बोलणंसुद्धा दवंडीसारखंच. बरेचदा वाक्याच्या शेवटी "ऐकं का?" वाण्याकडे मीठ मागतानाही "ऐकं का?" पण माहिती काय होती त्यांच्याकडे! कागदोपत्री जो हत्तीखाना होता तिथे कधी हत्ती आलाच नव्हता. एका मारवाड्याने नजर केलेला लंगडा उंट तिथे सहा वर्षं खाऊन खाऊन मेला. थोरल्या राणीसाहेब कासारणीला आत बोलवत त्या बांगड्या भरायला नाही, तर कारभाऱ्यांना चुकवून माहेरी निरोप धाडायला. कोणत्या विहिरीवर कोणाला घागर बुडवू देत आणि कोणाला दुरूनच पाणी ओततात, हेही त्यांनी विहिरीसकट दाखवलं. आपण राजांची नावं पाठ करतो. आबांना भिंती कोणी बांधल्या ते पाठ होतं.

आठवा थांबा कारभाऱ्यांच्या बागेच्या फाटकासमोर होता. लिंबाची, पेरूची बाग, भोवती उंच कुंपण, आत त्यांची विहीर. समोर एक घर नाही. तिथेही आबा डफ वाजवायचे, पुरी दवंडी द्यायचे, कानामागे हात धरून उभे राहायचे आणि मग चालू लागायचे. मी विचारलं, इथे कोणासाठी ओरडता?

तेव्हा त्यांनी सांगितलं. बाग होती तिथे चुनावाल्यांची गल्ली होती. अकरा घरं. राजवाडा, वेस, देऊळ, सगळ्याचा चुना त्यांनी भाजलेला. आबाही त्यांतलेच. प्लेग आला तेव्हा आबांना मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं, पण बाप थकला म्हणून डफ त्यांच्या गळ्यात आला होता. कारभाऱ्यांचा हुकूम आला की फक्त चुनावाल्यांनी घरं सोडून नदीपलीकडे झोपड्या घालून राहायचं. ती दवंडी आबांनीच दिली.

"मीच सांगं त्यास्ले, पंधरा दिननी गोट शे," आबा म्हणाले. "त्या हाव म्हनात, मास्तर. मन्हा बापबी हाव म्हना."

पंधरा दिवसांनी लोक परतले तर घरं पाडलेली. रोगाची घाण होती म्हणून पाडली, असं सांगितलं. दोन महिन्यांत तिथे लिंबाची रोपं लागली. काही कुटुंबं नवापूरकडे गेली, काही सुरतेच्या गिरण्यांत. आबांचा बाप नदीपलीकडे झोपडीतच वारला. शेवटपर्यंत मुलाला विचारत होता, अजून किती दिवस राहिले. हे सांगताना आबांच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. त्यांनी फाटकाकडे अशा नजरेने बघितलं की मीच खाली मान घातली.

मी ते सगळं लिहिलं. कारभाऱ्यांनी वाचलं, त्यावर काट मारली आणि समासात लिहिलं: येथे पूर्वी काटेरी रान होते. मी काय केलं म्हणता? पुन्हा नव्याने, वळणदार अक्षरात, काटेरी रान असं लिहून दिलं. बायको बाळंतपणाला टेकली होती, नोकरी दुसरी नव्हती. कारणं खरी होती, पण लाज वाटायची ती वाटलीच.

आबांनी वाचून दाखवायला लावलं. शाळेच्या पायरीवर बसून मी वाचलं. सगळं ऐकून ते इतकंच म्हणाले, "तुमनं अक्षर चांगलं शे, मास्तर." त्यापेक्षा त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

मग म्हणाले, "मंग मन्ही दवंडी लिखा. आठ थांबा लिखा, हाव कोनी म्हनाना ते लिखा. बठ्ठं लिखा, ऐकं का?"

मी सगळं लिहिलं, आणि शब्द न् शब्द त्यांनी तपासून घेतला. होकार त्याच गल्लीतल्याचा हवा, आणि आठव्या थांब्याला चुनावाल्यांचा थांबा म्हणतात, एवढंही त्यांनी घालायला लावलं. कारभाऱ्यांनी ते पान वाचलं आणि खूश झाले. आमच्या राजधानीत कशी शिस्त आहे ते साहेबांना कळू दे, म्हणाले. थांब्याच्या नावाकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. दवंडीवाल्याचं बोलणं त्यांनी आयुष्यात कधी नीट ऐकलं असेल तर ना!

दोन वर्षांनी कारभाऱ्यांनी कागदोपत्री अजून संस्थानचीच असलेली बाग स्वतःच्या नावावर करून मागितली. मंजुरी धुळ्याच्या साहेबांची लागे. साहेबांनी मी लिहिलेला इतिहास बाहेर काढला असावा, कारण उत्तर आलं ते असं: संस्थानच्या रिवाजाप्रमाणे आठही थांब्यांवर दवंडी द्यावी, आठही होकार घ्यावेत, आणि आमच्या कारकुनाने समक्ष लिहून आणावेत.

त्या दिवशी अख्खी राजधानी आबांच्या मागे चालत होती. मी शाळेला सुट्टी देऊन टाकली. सात थांब्यांवर सात होकार मिळाले. आठव्यावर आबांनी डफ वाजवला, बाग कारभाऱ्यांच्या नावावर व्हायची आहे असं खणखणीत सांगितलं आणि कानामागे हात धरला.

माळी आतून "हाव" म्हणाला. कारकुनाने कागद बघितला आणि नाही म्हणून मान हलवली, चुनावाल्यांपैकी कोण आहे?

"मी शे," आबा म्हणाले.

मग तुम्हीच म्हणा, कारकून म्हणाला. आबांनी कानामागचा हात तसाच ठेवला. जन्मभर ज्यांनी त्यांना "ए दवंड्या" म्हणून हाक मारली ते कारभारी पुढे आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आबा, एक शब्द म्हणा. घर बांधून देतो."

आबांनी हात खाली घेतला. "पंधरा दिन थांबा, कारभारी," म्हणाले आणि डफ उचलून निघून गेले.

मला आनंद झाला. उगाच साधुपणा कशाला दाखवू? कारभाऱ्यांचा चेहरा बघून मला त्या दिवशी जेवण गोड लागलं. आणि गंमत ही की पंधरा दिवसांनी खरंच दवंडी झाली, आबा खरंच तिथे उभे राहिले आणि पुन्हा गप्प राहिले. असं चार वर्षं चाललं. कारभाऱ्यांनी धमकी दिली, मग हात जोडले, मग आबांच्या मुलीच्या सासरी माणूस धाडला. त्या चार वर्षांत ते दहा वर्षांनी म्हातारे झाले. आबा मात्र ताजेतवाने. दर पंधरवड्याला धुतलेलं धोतर नेसून यायचे.

मग आबा गेले. दोन दिवस ताप आला आणि गेले. कारभाऱ्यांनी आठवडाभरसुद्धा कळ काढली नाही. आता चुनावाल्यांपैकी नाही म्हणणाराच उरला नाही, तेव्हा थांबा रद्द धरावा, असा अर्ज करून त्यांनी शेवटच्या दवंडीसाठी कारकून बोलावून घेतला. दिवस नेमका आबांच्या दहाव्याचा पडला. दवंडीवाल्याचा दहावा कधी, हे त्यांना कशाला माहीत असणार?

नदीवर पिंडाला कावळा शिवला आणि दहाव्याला आलेली चुनावाल्यांची माणसं वेशीतून आत आली. नवापूरची होती, सुरतेहून आगगाडीने आलेली होती. म्हाताऱ्या, बाप्ये, कडेवर पोरं. ती सरळ फाटकासमोर येऊन उभी राहिली. त्यांच्यातलाच आबांचा पुतण्या त्या दिवशी नवा दवंडीवाला झाला, त्याने डफ वाजवला आणि सांगायचं ते सांगितलं. कारकुनाने विचारलं, तुमच्यापैकी कोणी होकार देतं का. कारभारी हात जोडून उभे होते. मी दुसरीकडे बघितलं नाही.

कोणीही तोंड उघडलं नाही. कारकुनाने होकार नाही अशी नोंद केली आणि दौत बंद केली.

तेव्हा त्यांतली एक म्हातारी पुढे झाली. तिने फाटक ढकललं आणि आत शिरली. पेरूची झाडं ओलांडत, जमिनीकडे बघत, दोनदा मागे-पुढे करत ती एका लिंबाखाली थांबली आणि खाली बसली. तिच्यामागून बाकीचे आले आणि ज्याला जिथे आठवलं तिथे तो बसला.

"भाऊ, पानी दे," म्हातारी मला म्हणाली.

कारभारी फाटकातच उभे होते. मी त्यांच्या अंगावरून आत गेलो, त्यांच्या विहिरीला पोहरा सोडला आणि पाणी काढलं. त्यांना विचारायला थांबलो नाही.